पोट जळत नाही, मग छाती का जळते?

प्रश्न : जठरात तीव्र आम्ल असतं, असं शाळेत शिकलो. मग त्या आम्लानं जठर जळत कसं नाही आणि जळजळ होते ती छातीतच का? माझी नोकरी मुंबईत आहे. घरी पोचायला रात्रीचे साडेनऊ वाजतात, जेवण झालं की लगेच झोप. गेली काही वर्षं छातीत जळजळ, आंबट ढेकर आणि मध्यरात्री घशाशी आंबट पाणी येणं चालू आहे. दुकानातून आणलेली कॅप्सूल घेतली की बरं वाटतं, थांबवली की पुन्हा सुरू. हे आता कायमचंच का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत, पण त्यांचं मूळ एकच आहे.

आपलं जठर दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर पाचकरस तयार करतं. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल लिंबाच्या रसापेक्षाही तीव्र असतं; रिकाम्या जठरात पीएच दीड-दोनपर्यंत खाली जातो. त्यापासून बचाव करण्यासाठी जठराच्या आतल्या बाजूला चिकट श्लेष्म्याचा थर असतो आणि त्या थरात बायकार्बोनेट हे अल्कधर्मी द्रव्य सतत झिरपत राहतं. त्यामुळे थराच्या वर तीव्र आम्ल आणि थराखाली पेशींना लागून जवळजवळ पाण्यासारखी उदासीन स्थिती, असं एकाच वेळी असू शकतं. शिवाय जठराच्या पृष्ठभागावरच्या पेशी दर काही दिवसांनी झडून नव्या येतात.

अन्ननलिकेला यातलं काही मिळालेलं नाही. तिचं अस्तर घास खाली सरकताना होणारी घासाघास सोसण्यासाठी आहे, आम्ल सोसण्यासाठी नाही. तेच आम्ल चार बोटं वर आलं की तिचा दाह होतो. अन्ननलिका छातीच्या पिंजऱ्यातून, हृदयाच्या मागून खाली उतरते, म्हणून जळजळ पोटात न जाणवता छातीच्या हाडामागे जाणवते.

जठरात आम्ल असणं हा आजार नव्हे. प्रथिनं पचवायला, अन्नाबरोबर आलेले जंतू मारायला, लोह आणि बी12 जीवनसत्त्व शरीरात घ्यायला ते हवंच. वर्षानुवर्षं त्रास होणाऱ्या बहुतेकांच्या जठरात आम्ल इतरांपेक्षा जास्त बनतही नसतं. ते जागा सोडून वर येतं, हा खरा बिघाड. ही गोष्ट नीट उमगली की कोणता उपाय कशासाठी आहे आणि कुठपर्यंत पुरतो, हे आपोआप कळत जातं.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे तीन-चार सेंटिमीटर लांबीचा स्नायूंचा पट्टा असतो. त्यालाच आपण झडप म्हणतो. घास खाली जाताना तो सैलावतो, एरवी आवळलेला असतो. बाहेरून श्वासपटलाचे स्नायूही त्याला आवळून धरतात. ही झडप मधूनमधून घास न गिळताही काही सेकंद सैल पडते, कारण जठरातली हवा बाहेर पडायला दुसरी वाट नाही. ढेकर येतो तो असाच. त्या वेळी थोडं आम्ल वर येणं प्रत्येकाच्या बाबतीत घडतं. गिळण्याच्या लाटेनं ते खाली ढकललं जातं, उरलेलं लाळ धुऊन काढते. लाळ किंचित अल्कधर्मी असते आणि दिवसाला सुमारे लिटरभर तयार होते.

हे गणित बिघडतं ते अनेक वाटांनी. जठर तुडुंब भरलं की झडप जास्त वेळा सैल पडते. पोटाचा घेर वाढला की आतला दाब जठराला खालून वर रेटतो. काहींच्या जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या छिद्रातून छातीत सरकलेला असतो. त्याला हायटस हर्निया म्हणतात, आणि मग झडप व श्वासपटल यांची जोडी फुटते. गरोदरपणात संप्रेरकांमुळे झडप सैलावते आणि गर्भाचा दाबही वाढतो. तो त्रास बहुधा बाळंतपणानंतर जातो. तंबाखूतलं निकोटिन झडप ढिली करतं, मग ती सिगारेटमधून येवो, गुटख्यातून की मिसरीतून.

आता तुमची रात्र पाहू. दिवसातलं सर्वांत मोठं जेवण दहाच्या सुमारास पोटात जातं. जठर रिकामं व्हायला तीन-चार तास लागतात आणि तुम्ही अर्ध्या तासात आडवे होता. आडवं झाल्यावर आम्ल खाली ओढून ठेवणारं गुरुत्वाकर्षण कामी येत नाही. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, गिळणंही फार कमी होतं. म्हणजे आम्ल वर यायला सर्वांत सोयीची वेळ आणि ते धुऊन निघायला सर्वांत गैरसोयीची वेळ एकच. मध्यरात्रीचं आंबट पाणी इथून येतं.

लोकलचं वेळापत्रक तुमच्या हातात नाही, हे मला ठाऊक आहे. पण जेवणाची विभागणी हातात आहे. संध्याकाळी सहा-सातच्या दरम्यान ऑफिसात किंवा निघताना पोळी-भाजी खाऊन घ्या आणि घरी आल्यावर वाटीभर वरण-भात किंवा मुगाची खिचडी, एवढ्यावर थांबा. जेवण आणि झोप यांत तीन तास राहावेत, हे धोरण ठेवा. दोन मिळाले तरी फरक पडतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा ते आठ इंचांचे लाकडी ठोकळे किंवा विटा ठेवा. नुसत्या जास्त उशा घेतल्यानं मान वाकते आणि पोट दुमडतं, त्याचा उपयोग नाही. आणि डाव्या कुशीवर झोपा. या कुशीवर जठराचा फुगीर भाग झडपेच्या खाली राहतो. 2022 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी झोपेत मोजमाप घेतलं, तेव्हा डाव्या कुशीवर झोपणाऱ्यांच्या अन्ननलिकेतून आम्ल इतर स्थितींपेक्षा बरंच लवकर निघून जाताना दिसलं.

कॅप्सूलबद्दल पुढच्या प्रश्नात सविस्तर लिहितो.

प्रश्न : सकाळची कॅप्सूल किती दिवस घ्यावी? कुणी म्हणतं हाडं ठिसूळ होतात, किडनी जाते. बंद केली की त्रास दुपटीनं येतो. नेमकं करावं काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही एकाच कुळातली औषधं. जठराच्या पेशींमध्ये आम्ल बाहेर सोडणारे सूक्ष्म पंप असतात, ते ही औषधं बंद पाडतात. यातलं पहिलं औषध, ओमेप्राझोल, 1988 साली स्वीडनमध्ये बाजारात आलं. त्याआधी अन्ननलिकेला पडलेले व्रण भरून आणणं फार कठीण होतं. तेव्हा या औषधांना वाईट म्हणण्याचं कारण नाही. गडबड होते ती घेण्याच्या पद्धतीत.

हे औषध फक्त चालू असलेल्या पंपांना पकडतं, आणि पंप चालू होतात ते खाणं पोटात गेल्यावर. औषध रक्तात तास-दोन तासच टिकतं. म्हणून ते नाश्त्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यायचं आणि त्यानंतर खरोखरच खायचं. सकाळी कॅप्सूल घेऊन पहिला घास थेट दुपारी एक वाजता घेतला, तर बरंचसं औषध वाया जातं. जेवल्यानंतर किंवा जळजळ सुरू झाल्यावर घेण्याचाही फारसा फायदा नाही. पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. ज्यांचा त्रास मुख्यतः रात्रीचा आहे त्यांना डॉक्टर कधी कधी रात्रीच्या जेवणाआधीची मात्रा देतात.

दुसरी गोष्ट मुदतीची. अन्ननलिकेला सूज किंवा व्रण असतील तर साधारण आठ आठवड्यांचा पूर्ण उपचार लागतो. त्यानंतर पुष्कळांना मात्रा निम्म्यावर आणता येते किंवा गरज पडेल तेव्हाच घेऊन भागतं. पण ज्यांना तीव्र व्रण झाले होते, ज्यांच्या अन्ननलिकेच्या अस्तरात बदल झालेले आहेत, किंवा ज्यांना हृदयासाठी ॲस्पिरिनसारखी औषधं घ्यावी लागतात आणि रक्तस्रावाचा धोका आहे, त्यांनी हे औषध मनानं बंद करू नये. त्यांच्यासाठी ते संरक्षण आहे.

बंद केल्यावर त्रास दुपटीनं येतो, हा तुमचा अनुभव खरा आहे आणि त्याला कारण आहे. आम्ल कमी झालं की शरीर ते वाढवण्याचा संदेश देणारं गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं. औषध एकदम थांबलं की काही आठवडे आम्ल आधीपेक्षाही जास्त बनतं. 2009 साली डेन्मार्कमध्ये 120 निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला. त्यांना कधीच ॲसिडिटी नव्हती. अर्ध्या जणांना आठ आठवडे औषध दिलं, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. थांबवल्यानंतरच्या चार आठवड्यांत औषध घेतलेल्यांपैकी 44 टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी, अपचन असे त्रास झाले. दुसऱ्या गटात हेच प्रमाण 15 टक्के होतं. म्हणजे बंद केल्यावर आलेली जळजळ हा आजार बळावल्याचा पुरावा नसतो. मात्रा हळूहळू कमी करा, मधले काही आठवडे साध्या अँटासिडवर काढा आणि डॉक्टरांना सांगून करा.

दुष्परिणामांची भीती मात्र वाजवीपेक्षा मोठी झाली आहे. हाडं, किडनी, स्मरणशक्ती यांविषयीचे बहुतेक इशारे अशा पाहण्यांतून आले, जिथे औषध घेणारी माणसं मुळातच जास्त वयाची आणि जास्त आजारी होती. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत 17,000 हून अधिक लोकांना सुमारे तीन वर्षं पॅन्टोप्राझोल किंवा औषध नसलेली गोळी दिली होती. स्पष्ट फरक दिसला तो आतड्याच्या संसर्गात, आणि तोही थोडा : 1.4 टक्के विरुद्ध 1 टक्का. तरीही वर्षानुवर्षं औषध चालू असेल तर बी12 आणि मॅग्नेशियम मधूनमधून तपासावं. शाकाहारी माणसांत बी12 आधीच कमी असण्याची शक्यता जास्त.

आपल्याकडे आणखी एक सवय रुळली आहे. पॅन्टोप्राझोलबरोबर डॉम्पेरिडोन एकत्र केलेली कॅप्सूल लोक महिनोनमहिने घेतात. डॉम्पेरिडोन हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. युरोपच्या औषध नियामकानं 2014 मध्ये ते फक्त मळमळ-उलटीसाठी, कमी मात्रेत आणि थोडेच दिवस वापरण्याची शिफारस केली. तुमच्या पाकिटावर दोन औषधांची नावं असतील तर दुसऱ्याची गरज आहे का, हे डॉक्टरांना नक्की विचारा.

आणि ही औषधं आम्ल वर येणं थांबवत नाहीत. वर येणाऱ्या रसातलं आम्ल कमी करतात, म्हणून जळजळ थांबते. झडपेवरचा भार कमी करायचं काम जेवण, वजन आणि झोप यांनाच करावं लागतं.

प्रश्न : थंड दूध, सोडा, इनो, सोलकढी यांतलं पित्तावर खरं औषध कोणतं?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : थंड दुधानं लगेच बरं वाटतं, कारण ते तेवढ्यापुरतं आम्ल शमवतं. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम काही वेळानं जठराला पुन्हा आम्ल बनवायला लावतात, आणि सायीचं दूध असेल तर चरबीमुळे जठर उशिरा रिकामं होतं. रात्री झोपताना पेलाभर दूध पिणं म्हणूनच अनेकांना बाधतं.

इनो किंवा खायचा सोडा आम्लाशी मिसळला की कार्बन डायऑक्साइड सुटतो. मोठा ढेकर येतो, हलकं वाटतं. पण त्याच ढेकराबरोबर झडप उघडते. शिवाय यात सोडियम भरपूर असतं. रक्तदाब, हृदयविकार किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी ते रोज घेऊ नये. बाटलीतल्या सोडावॉटरचाही परिणाम गॅसमुळे असाच होतो.

जेल्युसिल, डायजिनसारख्या पातळ औषधांत ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. पहिल्यानं मलावरोध होतो, दुसऱ्यानं पोट सैल होतं, म्हणून दोन्ही एकत्र घालतात. अधूनमधूनच्या त्रासाला ती चांगली. किडनीच्या रुग्णांनी मात्र विचारून घ्यावीत, आणि थायरॉइड किंवा लोहाच्या गोळ्यांपासून काही तासांचं अंतर ठेवावं.

अल्जिनेट हा एक औषधप्रकार आपल्याकडे त्या मानानं कमी लोकांना माहीत आहे. तो समुद्री शेवाळापासून बनतो. जेवणानंतर अन्नामुळे आम्ल सौम्य व्हायला हवं, तरी जळजळ नेमकी जेवल्यावरच का होते, हे कोडं बरीच वर्षं होतं. 2001 साली ग्लासगोच्या संशोधकांनी दाखवलं की अन्नाच्या वर, झडपेच्या अगदी खाली, अन्नात न मिसळलेल्या तीव्र आम्लाचा साठा जमतो. अल्जिनेट जठरात गेल्यावर दुधावर साय धरावी तसा त्या साठ्यावर थर धरतं आणि वर जाणारी वाट अडवतं. जेवणानंतर आणि झोपताना घ्यायचं हे औषध गरोदर बायकांनाही सहसा चालतं.

कोकम स्वतः आंबटच असतं. सोलकढी तुम्हाला सोसत असेल तर जेवणात वाटीभर जरूर घ्या, पण जळजळ सुरू झाल्यावर औषध म्हणून पेला रिचवू नका. आयुर्वेदात अम्लपित्ताचा विचार जुना आहे. माधवनिदान आणि काश्यपसंहिता यांत त्यावर स्वतंत्र प्रकरणं आहेत. मात्र सूतशेखर रसासारख्या औषधांत पारा, गंधक आणि धोत्र्याचं बी यांच्यावर संस्कार करून ते वापरलेले असतात. ती वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावीत, डबी आणून वर्षभर नव्हे.

ॲसिडिटीवरचं रॅनिटिडिन एकेकाळी घरोघरी होतं. त्यात एनडीएमए हे कर्करोगाला कारण ठरू शकणारं द्रव्य तयार होतं असं आढळल्यावर अमेरिकेनं 2020 मध्ये ते बाजारातून काढायला लावलं आणि भारतानं 2022 च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते वगळलं. त्याच गटातलं फॅमोटिडिन उपलब्ध आहे, तेच विचारा.

प्रश्न : मी संकष्टी आणि एकादशी दोन्ही करते. उपवासानं पोटाला विश्रांती मिळते म्हणतात, पण माझं पित्त त्याच दिवशी का खवळतं? तिखट आणि चहा पूर्ण सोडावा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : उपवास बाधत नाही, त्या दिवशीचं खाणं आणि त्याची वेळ बाधते. सकाळपासून रिकाम्या पोटी दोन-तीन कप चहा, दुपारी तुपात परतलेली आणि दाण्याच्या कुटाची साबुदाण्याची खिचडी, वर तळलेले वेफर्स. संकष्टीला चंद्रोदय रात्री नऊच्या आगेमागे असतो. त्यानंतर मोदकासह भरपेट जेवण आणि लगेच अंथरूण. जठर ताणणारं आणि ते उशिरा रिकामं होऊ देणारं असं सगळं त्या एका दिवसात येतं. व्रत सोडायची गरज नाही. दिवसा भगर, राजगिऱ्याची लाही, ताक, केळं, पपई, उकडलेलं रताळं असं थोडं थोडं घ्या आणि चंद्रोदयानंतरचं ताट निम्मं ठेवा.

तिखटानं झडप सैल होते असं नाही, पण आधीच सुजलेल्या अन्ननलिकेला मिरची झोंबते. चहा-कॉफी काहींना बाधते, काहींना नाही. सरसकट पंचवीस पदार्थ सोडून अळणी जगण्यात अर्थ नाही. असं पथ्य महिनाभरही टिकत नाही. त्यापेक्षा दोन आठवडे वहीत लिहा : काय खाल्लं, किती वाजता, केव्हा झोपलात, त्रास केव्हा झाला. ज्यावर संशय येईल ते एकच दोन आठवडे बंद करून पाहा आणि मग पुन्हा सुरू करा. फरक पडला नाही तर तो पदार्थ निर्दोष. तळलेलं, खूप तुपकट आणि एका बैठकीत जास्त, या तीन गोष्टी मात्र जवळपास सगळ्यांनाच बाधतात.

वजनाबद्दल सांगायलाच हवं. पोटाचा घेर कमी होणं हा आहाराच्या बाजूनं सर्वांत भरवशाचा उपाय आहे. अमेरिकेतल्या चाळीस हजारांहून जास्त परिचारिकांच्या दीर्घ पाहणीचा निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाला. वजन आटोक्यात, धूम्रपान नाही, रोज अर्धा तास व्यायाम, चहा-कॉफी-सोडा मिळून दोन कपांपर्यंत आणि साधा सकस आहार, या पाच सवयी असत्या तर नियमित जळजळीचा त्रास सुमारे 37 टक्क्यांनी टळला असता, असा त्यांचा अंदाज होता. घट्ट नाडी, घट्ट पट्टा, जेवल्याबरोबर वाकून फरशी पुसणं हेही टाळा. रोज जेवणानंतर दहा मिनिटं शांत बसून पोटातून संथ श्वास घेण्याचा सराव केला, तर श्वासपटलाचा आधार वाढून काहींचा त्रास घटतो; लहान अभ्यासांतून त्याला दुजोरा मिळाला आहे.

प्रश्न : वडिलांना रोज सकाळी मिठाचं पाणी पिऊन, घशात बोटं घालून पित्त काढायची सवय आहे. त्याशिवाय दिवस जात नाही म्हणतात. हे योग्य आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. ही सवय कृपया थांबवायला सांगा. उलटीत जे आम्ल बाहेर पडतं ते अन्ननलिका, घसा आणि दात यांना भाजतच बाहेर येतं. जठर पुन्हा आम्ल बनवायला लागतंच, त्यामुळे आराम तासाभराचा आणि इजा रोजची. जोरानं ओकारी काढताना अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावरचं अस्तर फाटून रक्त पडू शकतं. दातांचं वरचं आवरण झिजतं, आणि मिठाच्या पाण्यामुळे रक्तदाब वाढतो. वैद्यांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळी केलं जाणारं वमन ही निराळी गोष्ट आहे. रोज सकाळच्या या सवयीला तिचा आधार घेता येणार नाही.

रोज सकाळी मळमळत असेल तर रात्रभर आम्ल वर येत असणार. वडिलांना डॉक्टरांकडे न्या. तोंडात आंबट पाणी आलंच तर साध्या पाण्यानं चूळ भरावी आणि अर्धा तास दात घासू नयेत, कारण आम्लानं मऊ झालेला दाताचा थर ब्रशनं खरवडला जातो.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. छातीत अजिबात जळत नाही, पण सकाळी आवाज बसलेला असतो, घसा सारखा खाकरावा लागतो. कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणतात, हे ॲसिड आहे. जळजळ नसताना ॲसिड कसं?
— एक वाचक, लातूर

उत्तर : असं होऊ शकतं. स्वरयंत्राचं अस्तर अन्ननलिकेपेक्षाही नाजूक असतं आणि तिथे थोडा शिंतोडाही पुरतो. रात्रीचा कोरडा खोकला, दम्याचा वाढलेला त्रास, दातांची झीज यांमागेही कधी कधी हेच असतं. पण घशाच्या प्रत्येक तक्रारीचं खापर आम्लावर फोडू नये. 2021 साली ब्रिटनमध्ये घशाच्या अशा तक्रारी असलेल्या 346 जणांवर चाचणी झाली. लॅन्सोप्राझोल हे आम्ल कमी करणारं औषध घेणारे आणि औषध नसलेली गोळी घेणारे यांच्यात फरक आढळला नाही. दिवसभर वरच्या पट्टीत शिकवणं, खडूची धूळ, सर्दी घशात उतरणं, कमी पाणी ही कारणंही तेवढीच शक्य आहेत. जेवण लवकर, पलंग उंच, अल्जिनेट आणि आवाजाला विश्रांती हे आधी करून पाहा. आवाज तीन-चार आठवडे बसलेलाच राहिला तर दुर्बिणीतून स्वरयंत्र बघून घेणं टाळू नका. कॅप्सूल महिनोनमहिने चालू ठेवण्याआधी आम्ल खरंच वर येतंय का, हे मोजता येतं.

प्रश्न : ते मोजतात कसं? आणि ऑपरेशननं हा त्रास कायमचा जातो का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पहिली तपासणी एंडोस्कोपी. तोंडातून बारीक दुर्बीण घालून दहा-पंधरा मिनिटांत अन्ननलिका, झडप, जठर पाहतात. सूज किंवा व्रण दिसले तर त्यांची ए ते डी अशी प्रत लावतात. पण त्रास असलेल्या पुष्कळांची एंडोस्कोपी साफ येते. अशा वेळी नाकातून बारीक नळी घालून चोवीस तास अन्ननलिकेतला पीएच मोजतात. पीएच 4 च्या खाली असण्याचा वेळ एकूण वेळेच्या 6 टक्क्यांहून जास्त असेल तर आम्ल वर येत असल्याचं नक्की. 4 टक्क्यांहून कमी असेल तर जळजळीचं कारण दुसरीकडे शोधायचं. कधी अन्ननलिकेच्या मज्जातंतूच अतिसंवेदनशील झालेले असतात. तिथे आणखी तीव्र आम्लनाशक देऊन काही होत नाही, उपचारच वेगळे असतात. गिळण्याच्या लाटांचा दाब मोजणारी मॅनोमेट्री ही तिसरी तपासणी, शस्त्रक्रियेआधी ती हवीच.

हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणीही पुष्कळदा होते. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना या जंतूच्या शोधासाठी 2005 साली नोबेल मिळालं. मात्र तो जठराच्या अल्सरचं कारण आहे, आम्ल वर येण्याचं नव्हे. त्याचा उपचार अल्सर आणि जठराचा कर्करोग टाळण्यासाठी करतात. त्यानं छातीची जळजळ जाईलच असं नाही.

शस्त्रक्रिया मात्र झडपेवरच उपाय करते. रुडॉल्फ निसेन या सर्जननं 1955 मध्ये जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून शिवण्याची पद्धत वापरली. आज ती लॅपरोस्कोपीनं होते. मोठा हायटस हर्निया असलेल्या, औषधानं जळजळ थांबते पण पाणी घशाशी येतच राहतं अशा, किंवा जन्मभर औषध नको असलेल्या तरुण रुग्णांना तिचा चांगला उपयोग होतो. काहींना नंतर ढेकर देणं जड जातं, पोट फुगतं, सुरुवातीला घास अडकल्यासारखा वाटतो. काही वर्षांनी काहींना पुन्हा औषध लागतं. तेव्हा अशी शस्त्रक्रिया नेहमी करणारा सर्जन निवडा. वजन कमी करायची शस्त्रक्रिया करणार असाल तर हेही माहीत हवं : स्लीव्ह प्रकारात आम्ल वर येणं बरेचदा वाढतं, गॅस्ट्रिक बायपासमध्ये ते सहसा कमी होतं. अलीकडे व्होनोप्राझान हे जेवणाच्या वेळेवर अवलंबून नसलेलं नवं औषध भारतातही मिळू लागलं आहे. व्रण जास्त असतील तर त्याचा विचार तज्ज्ञ करतात.

प्रश्न : आईचं वय 62 आहे. तिला पूर्वी कधी ॲसिडिटी नव्हती, दोन महिन्यांपासून आहे. घरच्या घरी किती वाट पाहायची?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : वाट पाहू नका. या वयात पहिल्यांदाच सुरू झालेल्या त्रासाला एंडोस्कोपी लवकर व्हायला हवी. घास अडकणं, गिळताना दुखणं, प्रयत्नाविना वजन उतरणं, सतत उलट्या, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी शौच, तपासणीत रक्त कमी निघणं, यांतलं एकही लक्षण असेल तर कोणत्याही वयात हाच नियम. काळी शौच किंवा रक्ताची उलटी असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. आईच्या चालू गोळ्यांची पिशवी सोबत न्या. सांधेदुखीच्या गोळ्यांनी अल्सर होतो. हाडांसाठीची ॲलेन्ड्रोनेट, लोहाची गोळी किंवा डॉक्सिसायक्लिन घोटभर पाण्यानं घेऊन लगेच आडवं झालं तर गोळी अन्ननलिकेला चिकटून तिथेच व्रण पडतो. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनसारख्या काही गोळ्या झडप ढिली करतात.

वर्षानुवर्षांच्या दाहामुळे काहींच्या अन्ननलिकेचं अस्तर बदलतं, त्याला बॅरेट म्हणतात. त्यातून कर्करोग होण्याचं प्रमाण फार थोडं आहे आणि नियमित एंडोस्कोपीनं त्यावर नजर ठेवता येते. आपल्याकडे अन्ननलिकेचा कर्करोग जास्त करून तंबाखू, सुपारी आणि दारू यांच्याशी जोडलेला आहे. आई मिसरी लावत असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा आणि मिसरी सुटावी म्हणून तिला साथ द्या.

शेवटचं सर्वांसाठी. छातीतलं प्रत्येक दुखणं गॅसचं नसतं. छाती आवळल्यासारखी होणं, दुखणं डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीत जाणं, घाम फुटणं, दम लागणं, चालताना वाढून थांबल्यावर कमी होणं ही हृदयविकाराची लक्षणं असू शकतात. बायकांना आणि मधुमेहींना हृदयविकाराचा झटका कधी कधी नुसत्या मळमळ, थकवा आणि पोटाच्या वरच्या भागातल्या जळजळीच्या रूपातच येतो. इनो पिऊन बरं वाटतंय का ते पाहत बसू नका. 108 ला फोन करा, ईसीजी काढून घ्या. ईसीजी साफ निघाला तर थोडी धावपळ झाली एवढंच. उशीर झाला तर हृदयाचा स्नायू परत मिळत नाही.